पत्र्यावर के-२४१, बॉनेटवर सी-१२०: मग आतलं इंजिन कुठलं?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या काकांनी परदेशातली नोकरी सोडून परतताना घरसामानाबरोबर ‘व्हील हॉर्स’ कंपनीचा छोटा बागायती ट्रॅक्टर मुरगाव बंदरात उतरवून घेतला होता. बरीच वर्षं तो कुळागरात राबला. माडांच्या ओळींमधून झावळं ओढली, शेणखत वाहिलं. काका गेल्यावर तो मांगरात पडून राहिला. आता चालू केला तर निळा धूर निघतो, ताकद नाही आणि तेल खातो. बॉनेटवरच्या पट्टीवर ‘सी-१२०’ वाचता येतं, चेसिसवरची पाटी गंजून गेली आहे आणि इंजिनाच्या पंख्याच्या पत्र्यावर कोहलर कंपनीची ‘के-२४१’ अशी पाटी आहे. गावच्या फिटरचं म्हणणं, “इंजिन बदललेलं आहे, हे मूळचं नव्हे.” मग हे इंजिन नेमकं कुठलं, आणि पिस्टन-रिंगा मागवायच्या तर कशाच्या? सोबत त्यांनी सात फोटो पाठवले आहेत.

नमस्कार. सगळ्यात आधी एकच विनंती. पाटीवरचा नंबर बघून एकही पार्ट मागवू नका, अगदी हेड गॅस्केटसुद्धा नको. तुमच्या ट्रॅक्टरवर दोन नंबर आहेत आणि ते एकमेकांशी भांडताहेत. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, निदान कारखान्यातून निघालेल्या यंत्रावर तरी नाहीत.

व्हील हॉर्स ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली, साउथ बेंड गावची कंपनी. पाँड नावाच्या बाप-लेकांनी १९४६ मध्ये सुरू केली, १९७४ मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरोने घेतली. ‘सी’ मालिका मधल्या काळातली, सत्तरच्या दशकात सुरू झालेली. त्या मालिकेत नावातला आकडा अश्वशक्ती सांगतो. सी-१२० म्हणजे १२ अश्वशक्ती, आणि त्यासाठी बसवलेलं इंजिन कोहलरचं के-३०१. तुमच्या पत्र्यावर मात्र के-२४१ आहे, जे १० अश्वशक्तीचं. म्हणजे तीनपैकी एक गोष्ट झाली आहे. कुणीतरी १२ चं इंजिन काढून १० चं बसवलं. किंवा इंजिन मूळचंच आहे, पण त्यावरचा पत्रा दुसऱ्या इंजिनाचा आहे. किंवा इंजिन आणि चेसिस दोन्ही १० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची असून बॉनेट तेवढं सी-१२० चं आहे. तुमच्या फिटरने पहिली शक्यता धरली. मला फोटोंवरून दुसरी जास्त संभवते. का, ते सांगतो, पण फोटो बघून काढलेला अंदाज आणि व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने, घेतलेलं माप यांत मी नेहमी मापाचंच ऐकतो.

या जुन्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची एक अडचण समजून घ्या. फ्लायव्हीलवर पंखा असतो आणि त्या पंख्याची हवा सिलिंडरकडे वळवायला पत्र्याचं आवरण. कोहलर असो की ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कंपन्यांनी मॉडेल नंबर या पत्र्यावरच टाकला. नव्या यंत्रात ते सोयीचं होतं, समोरून वाचता यायचं. पण पत्रा हा इंजिनाचा सगळ्यात हलका, सगळ्यात आधी गंजणारा आणि सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. चार-पाच स्क्रू काढले की निघतो. आपल्याकडची खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत तो दहा-पंधरा वर्षांत जाळीसारखा होतो. मग फिटर काय करतो? भंगारात त्याच मापाचं दुसरं इंजिन दिसलं तर त्याचा पत्रा काढून यावर चढवतो. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पत्रा नसेल तर इंजिन तापून जाम होईल, त्यामुळे त्याने इंजिन वाचवलंच. पण त्या पत्र्याबरोबर दुसऱ्या इंजिनाची ओळखही चढते, आणि वीस वर्षांनी ती पाटी वाचणारा फसतो.

मी स्वतः असा फसलो आहे. बारदेशातून एक बागायती ट्रॅक्टर माझ्याकडे आला होता, पत्र्यावर स्वच्छ के-२४१. मालकाला पावसाआधी तो हवा होता. मी वेळ वाचवायला इंजिन उघडण्याआधीच पिस्टन, रिंगा आणि गॅस्केटचा संच परदेशातून मागवला. सामान यायला सात आठवडे लागले. हेड काढलं, नवा पिस्टन सिलिंडरमध्ये सोडला तर तो डुगडुगला. बाजूला तीन मिलिमीटरांहून जास्त फट, अंगठ्याचं नख सहज शिरेल एवढी. आतलं इंजिन के-३०१ होतं. पैसे मी माझ्या खिशातून भरले, पण त्या माणसाचा आख्खा हंगाम गेला, आणि तो काही मला भरून देता आला नाही. तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमध्ये नियम आहे: आधी उघडायचं, मापायचं, वहीत लिहायचं, मग फोन.

आता तुमचे फोटो. तिसऱ्या फोटोत पत्र्याचा उजवीकडचा खालचा स्क्रू अर्धवट सैल केलेला आहे, वॉशर थोडा सरकला आहे. त्या वॉशरखाली लाल रंग नाही, पिवळा आहे. तुमच्या ट्रॅक्टरचं बाकी सगळं लाल असताना वॉशरखाली पिवळा रंग येण्याचं कारण एकच, हा पत्रा आधी दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावर होता आणि इथे आल्यावर वरून लाल मारला. सिलिंडरच्या पंखांच्या, म्हणजे फिन्सच्या, खोल खाचांत बघा. ब्रश तिथे पोचत नाही, त्यामुळे मूळ रंग तिथेच टिकतो. तिथे मला पिवळ्याचा मागमूस दिसत नाही. टॉर्च मारून तुम्हीही बघा, दात घासायचा जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवून मळ काढा. तिथेही पिवळा निघाला तर माझा अंदाज चुकला, मग पत्र्यासकट पूर्ण इंजिनच दुसरीकडून आलेलं असू शकतं.

पाचव्या फोटोत इंजिनाचे पायाचे बोल्ट आहेत. बदललेल्या इंजिनाची खूण बहुतेक वेळा इथे सापडते. वेगळ्या घराण्याचं इंजिन बसवताना भोकं जुळत नाहीत, मग कुणी भोकं कानशीने लांबट करतं, कुणी मधे लोखंडी प्लेट घालतं, कुणी नवीन भोकं पाडून जुनी तशीच उघडी सोडतं. तुमच्या चेसिसवर चार भोकं, चारही गोल, कडा साफ, प्लेट नाही, वेल्डिंग नाही. पट्ट्याची पुली चेसिसमधल्या क्लचच्या पुलीशी सरळ रेषेत दिसते. सायलेन्सरसाठी बॉनेट कापलेलं नाही. म्हणजे होंडा, चिनी किंवा इथलं डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग या ट्रॅक्टरवर झालेला नाही. एवढं मी खात्रीने सांगतो. पण के-२४१ आणि के-३०१ ही एकाच कुटुंबातली भावंडं आहेत, बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं आलं तर पाय काही सांगणार नाहीत. त्यासाठी आत जावं लागेल.

आत जाणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच बसलेले. वर फक्त ॲल्युमिनियमचं चपटं हेड, त्यात कुठलाही हलणारा भाग नाही. बॅटरीची वायर काढा, प्लग काढा, टाकीतलं पेट्रोल उतरवा. हेडचे बोल्ट एकदम सोडू नका. आलटून पालटून, समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा. हेड चिकटलं असेल तर पेचकस घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमची कड मोडते आणि तिथून कायमची गळती लागते. लाकडी ठोकळ्याने बाजूने हलकेच ठोका, सुटतं. कुठला बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून त्यात खोचून ठेवा, कारण काही बोल्ट लांब आणि काही आखूड असू शकतात. जुनं गॅस्केट परत वापरायचं नाही, पण फेकूही नका. त्याच्या भोकाचा व्यास हा आणखी एक पुरावा आहे.

इथे पान्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण निम्मी जुनी अमेरिकन इंजिनं चुकीच्या पान्याने खराब होतात. यातले बोल्ट इंची आहेत. अर्ध्या इंचाचा माथा १२.७ मिलिमीटर, त्यावर आपला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे गोल करतो. नऊ-सोळांशचा माथा १४.३ मिलिमीटर, त्यावर १४ चा चढत नाही आणि १५ चा सैल पडतो. खरं तर हीसुद्धा ओळखीची एक परीक्षा आहे: ज्या इंजिनावर तुमचा मिलिमीटरचा एकही पाना धड बसत नाही, ते बहुधा अमेरिकन किंवा जुनं इंग्लिश. मिलिमीटरचे पाने चपखल बसले तर जपानी, चिनी किंवा नंतरच्या काळातलं इंजिन. तुमच्या डिचोली भागात खाणींवर काम केलेले जुने फिटर आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर बरेच घरी बसले. त्यांच्या पेटीत इंची पाने आणि सॉकेट असतात आणि ते ‘दोन सूत, तीन सूत’ अशा भाषेत माप सांगतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अशा एखाद्या माणसाला बोलवा. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली तरी बोल्ट वाचतील.

हेड निघालं की पिस्टनच्या डोक्यावरची काजळी लाकडी चपटीने आणि रॉकेलने काढा. पोलादी पात्याने खरवडू नका. पिस्टनच्या डोक्यावर बहुतेक वेळा काहीतरी ठोकलेलं असतं. काहीच नसेल किंवा ‘एसटीडी’ असेल तर पिस्टन मूळ मापाचा. शून्य-एक-शून्य, शून्य-दोन-शून्य किंवा शून्य-तीन-शून्य असे आकडे असतील तर सिलिंडर आधी एकदा बोअर केला, म्हणजे आतून कापून मोठा केला आहे, अनुक्रमे १०, २० किंवा ३० हजारांश इंचाने. दहा हजारांश म्हणजे साधारण पाव मिलिमीटर.

मग दोन मापं घ्या.

पहिलं स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास. फ्लायव्हील हाताने, चालायच्या दिशेनेच फिरवून पिस्टन सगळ्यात वर आणा, व्हर्नियरच्या मागच्या दांडीने ब्लॉकच्या सपाट माथ्यापासून पिस्टन किती खाली किंवा वर आहे ते बघा. नंतर पिस्टन सगळ्यात खाली न्या, पुन्हा तिथूनच खोली मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. व्हर्नियर नसेल तर झावळाची सुकी हीर चालते: उभी धरायची, माथ्याशी नखाने खूण करायची, मग पट्टीवर मोजायची. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. के-२४१ चा स्ट्रोक ७३ मिलिमीटर आहे आणि के-३०१ चा ८२.५५. साडेनऊ मिलिमीटरांचा फरक हिरीवरही डोळ्यांना दिसतो. स्ट्रोकवर माझा जास्त भरवसा आहे, कारण सिलिंडर घासला, बोअर केला तरी स्ट्रोक बदलत नाही. तो क्रँकशाफ्टमध्ये ओतलेला असतो. काही जण हेड न काढता प्लगच्या भोकातून काडी घालून स्ट्रोक मोजायला बघतात. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या काही इंजिनांत ते जमतं. साइड व्हॉल्व्हमध्ये प्लग बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या बाजूला सरकलेला असतो, काडी पिस्टनवर सरळ टेकत नाही, आणि मोडून आत पडली तर हेड काढावंच लागतं.

दुसरं माप बोअर, सिलिंडरचा व्यास. हे वरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरांतच घ्या, कारण तिथे रिंगा पोचत नाहीत आणि मूळ माप टिकून असतं. मग थोडं खाली घ्या, आणि दोन दिशांना घ्या, क्रँकच्या लांबीला समांतर आणि काटकोनात. या दोन दिशांतला फरक म्हणजे सिलिंडर किती अंडाकृती झाला आहे ते. तुमचा निळा धूर बहुधा तिथूनच येतो आहे.

कोहलरच्या या कुटुंबाची मापं माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहेत, ती तुम्हीही उतरवून घ्या. के-१८१, म्हणजे ८ अश्वशक्तीचं धाकटं इंजिन: बोअर ७४.६, स्ट्रोक ६९.८५ मिलिमीटर. के-२४१: बोअर ८२.५५, स्ट्रोक ७३. के-३०१: बोअर ८५.७, स्ट्रोक ८२.५५. के-३२१, १४ अश्वशक्ती: बोअर ८८.९. के-३४१, १६ अश्वशक्ती: बोअर ९५.२५. शेवटच्या तिघांचा स्ट्रोक एकच आहे, त्यामुळे स्ट्रोक ८२.५५ निघाला तर एवढंच कळतं की हे के-२४१ नाही. पुढचा निवाडा बोअर करतो. आणि घाबरू नका, घासलेल्या इंजिनातही घोळ होत नाही. के-२४१ तीस हजारांशपर्यंत मोठं केलं तरी ८३.३ च्या पुढे जात नाही, म्हणजे मूळ के-३०१ च्या बोअरला ते शिवतही नाही.

नंबरांतला अर्थही यातूनच कळतो. के-२४१ मधले २४ म्हणजे साधारण २४ घन इंच, शेवटचा १ म्हणजे एक सिलिंडर. एक घन इंच म्हणजे १६.४ सीसी, म्हणून ते ३९० सीसीच्या आसपास. के-३०१ चे हिशेबाने ४७६ सीसी येतात. स्वतः पडताळायचं असेल तर बोअरचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले ०.७८५४, सगळं सेंटिमीटरमध्ये घेतलं की उत्तर सीसीत.

तिसरं माप क्रँकपिनचं, कनेक्टिंग रॉड जिथे बसतो तिथलं. त्यासाठी तेलाचा तळ उघडावा लागेल. तेल खाणारं इंजिन नुसत्या रिंगा घालून बंद करायचं नसतं, म्हणून तो तुम्हाला उघडावाच लागणार आहे. के-२४१ पासून के-३४१ पर्यंत सगळ्यांची पिन दीड इंचाची, ३८.१ मिलिमीटर. के-१८१ ची बरीच बारीक, सुमारे ३० मिलिमीटर. पिन घासून कमी केलेली असेल तर रॉडही दहा हजारांश लहान मापाचा लागतो. हे आधी कळलं नाही तर नवा रॉड सैल बसतो, आणि या इंजिनांत रॉड तुटला की तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. ब्लॉक गेला की मग ओळख पटवण्यासारखं काही उरत नाही, म्हणून हे माप टाळू नका.

असाच प्रश्न मला गोव्यातून पूर्वीही दोन-तीन जणांनी विचारला आहे आणि प्रत्येकाचं इंजिन कोहलरच असतं असं नाही, म्हणून बाकीच्या घराण्यांबद्दलही लिहून ठेवतो.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचा नंबर वाचता आला तर ते इंजिन स्वतःच बोलतं. पत्र्यावर तीन आकडे ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. समजा मॉडेल २४३४३१ आहे. पहिले दोन आकडे घन इंच, म्हणजे २४, साधारण ३९३ सीसी. तिसरा आकडा रचनेची मालिका. चौथा शाफ्ट आणि कार्ब्युरेटर सांगतो. तो ५ पेक्षा लहान असेल तर शाफ्ट आडवा, ५ किंवा त्याहून मोठा असेल तर उभा. पाचवा बेअरिंगबद्दल. सहावा स्टार्टरबद्दल, १ म्हणजे दोरी गुंडाळून ओढायचं, २ म्हणजे आपोआप गुंडाळणारी दोरी. छोट्या इंजिनात घन इंच एकच आकडी असतात, तेव्हा मॉडेल नंबर पाच आकडी होतो, एवढं लक्षात ठेवा. कोडमध्ये जन्मतारीख असते: ७३०२०५ ने सुरू झाला तर १९७३, फेब्रुवारी, ५ तारीख. ट्रॅक्टर १९६८ चा आणि कोड ७३ चा असेल तर इंजिन, किंवा निदान पत्रा, नंतरचा आहे. टेकुमसे या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनात अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस. त्यात दशक कळत नाही, ते यंत्राच्या वयावरून धरावं लागतं. त्यांच्या मॉडेलमधलं ‘एच’ म्हणजे आडवा शाफ्ट, ‘व्ही’ म्हणजे उभा, ‘एचएच’ म्हणजे ओतीव लोखंडाचं जड आडवं.

आपल्याकडे बदललेलं इंजिन म्हणून जास्त दिसतं ते होंडाचं जीएक्स किंवा त्याची चिनी नक्कल. ओळख सोपी: सिलिंडर तिरका झुकलेला, डोक्यावर व्हॉल्व्हचं झाकण, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. होंडावर जीएक्स आणि आकडा ब्लॉकच्या ओतकामातच असतो, म्हणून पत्रा बदलला तरी ओळख टिकते. चिनी इंजिनांच्या नावात तर बोअरच लिहिलेला असतो. १८८एफ म्हणजे एक सिलिंडर, ८८ मिलिमीटर बोअर, आणि एफ म्हणजे हवेने थंड होणारं. १६८एफ चा बोअर ६८. १८६एफ हे डिझेल, बोअर ८६. पाण्याने थंड होणाऱ्या एस१९५ चा बोअर ९५, आणि आर१७५ए चा ७५. एकदा ही रीत कळली की भंगारातला अर्धा नंबरही उपयोगी पडतो. पॉवर टिलरमधून काढलेलं आडवं डिझेल कुणी बागायती ट्रॅक्टरवर चढवलेलं असेल तर त्यासाठी मापाची गरजच नाही. पाण्याची टाकी आणि इंजेक्टरची नळी लांबूनच दिसते.

अशा बदललेल्या इंजिनात मला सर्वात जास्त नुकसान दिसतं ते शाफ्टवर. व्हील हॉर्सवर बसलेल्या के-३०१ चा शाफ्ट नऊ सूत, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी, २८.६ मिलिमीटर. जीएक्स ३९० आणि १८८एफ चा शाफ्ट एक इंचाचा, २५.४, किंवा २५ मिलिमीटरचा, दोन्ही प्रकारांत मिळतो. इंचाच्या पुलीत २५ चा शाफ्ट हाताने सहज जातो, बसवणाऱ्याला वाटतं छान बसलं. ती ०.४ मिलिमीटरची फट रोज थोडी थोडी चावीची, म्हणजे शाफ्ट आणि पुली एकत्र धरणाऱ्या लोखंडी तुकड्याची, खाच खाते. सहा महिन्यांत पुली डुलते, पट्टा तुटतो आणि सगळे पट्ट्याच्या कंपनीला दोष देतात. त्यामुळे इंजिन कुठलंही असो, शाफ्ट आणि पुलीचं भोक दोन्ही वेगवेगळं मोजा. तुमच्या सातव्या फोटोत शाफ्टच्या टोकाशी गंजाची तांबूस पूड दिसते, तिथे पुली हलत असावी. पुली काढा आणि खाचेच्या कडा बोटाने चाचपा. कड धारदार असेल तर ठीक. गोल झाली असेल तर लेथवाल्याकडून शाफ्टवर खाच नव्याने साफ करून त्याप्रमाणे चावी बनवून घ्या.

आणखी एक, ओळखीशी थेट संबंध नाही पण तुम्ही इंजिन उघडणारच आहात म्हणून. काकांच्या काळातलं पेट्रोल आता पंपावर मिळत नाही, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली जुनी गॅस्केटं त्याने फुगतात. नळी आत्ताच बदला, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं.

आता तुमच्या कामाचा क्रम. या आठवड्यात हेड काढा, स्ट्रोक आणि बोअर मोजा, पिस्टनवरचे आकडे खडूने घासून वाचा. खडूची पूड ठोकलेल्या अक्षरांत भरते आणि फोटोत स्पष्ट येतं. जुन्या गॅस्केटचं भोक मोजा. गॅस्केट के-२४१ चं आणि सिलिंडर के-३०१ चा असं निघालं तर आधीच्या दुरुस्तीतही कुणीतरी पाटीवर विश्वास ठेवला होता, आणि गॅस्केटची कड आत येऊन जळलेली दिसेल. ताकद न येण्याचं तेही एक कारण असू शकतं. स्ट्रोक ८२.५ च्या जवळ आणि बोअर ८५.७ ते ८६.५ मध्ये आला तर काकांनी आणलेलं इंजिन अजून त्याच ट्रॅक्टरवर आहे, मग के-३०१ चे पार्ट मागवायचे. स्ट्रोक ७३ आला तर तुमचा फिटर बरोबर होता किंवा बॉनेट तेवढं दुसरीकडचं आहे, दोन्हीत पार्ट के-२४१ चे. सिलिंडर अंडाकृती झाला असेल तर आधी लेथवर बोअर करून किती हजारांशवर साफ होतो ते बघा आणि त्या मापाचा पिस्टन मागवा. पिस्टन आधी आणि बोअर नंतर, असं करू नका.

पत्र्यावरची ती के-२४१ ची पाटी काढून टाकू नका, पण तिच्या शेजारी रंगाने खरं मॉडेल, बोअरचं माप आणि तारीख लिहून ठेवा. तुमच्यानंतर हे इंजिन जो उघडेल त्याचे सात आठवडे वाचतील. मापं घेतलीत की मला कळवा, क्रँकपिनच्या मापासकट, मग रॉड कुठला घ्यायचा ते बोलू.